आकाशात वाट कोणी कोणाला द्यायची? ग्लायडर आणि इंजिनाची विमाने एकाच हवेत सुरक्षित कशी राहतात

अलिबाग तालुक्यातील रेवस बंदरावर उभे राहिले की समोर धरमतरची खाडी आणि पलीकडे करंजा दिसते. या एकाच पाण्यातून मच्छीमारांच्या होड्या जातात, रेवस-करंजा तर चालते, भाऊच्या धक्क्याकडे लाँच सुटतात आणि माल भरलेले अवजड बार्जही धरमतरच्या दिशेने आत शिरतात. प्रत्येकाचा वेग वेगळा, वळण्याची ताकद वेगळी. तरीही रोजची वाहतूक सुरळीत चालते, कारण कोणी कोणाला वाट द्यायची याचे नियम ठरलेले आहेत आणि बोटीवरच्या तांडेलाची नजर सतत पाण्यावर असते.

वर आकाशातही असेच आहे. प्रवासी जेट विमाने, हेलिकॉप्टर, प्रशिक्षणाची लहान विमाने, ग्लायडर, पॅराग्लायडर आणि आता ड्रोन, सगळे एकच हवा वापरतात. त्यातला सर्वांत वेगळा गडी म्हणजे ग्लायडर. त्याला इंजिन नसते. मग ताशी साडेचारशे किलोमीटरने येणारे जेट आणि ताशी शंभर किलोमीटरने तरंगणारा ग्लायडर समोरासमोर आले तर वाट कोणी द्यायची? आणि नियम स्पष्ट असूनही टक्कर का होते? समजून घेऊ या.

थोडक्यात

- इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याचे मूळ समुद्रातल्या नियमांत आहे.
- वाट मिळण्याचा हक्क आणि प्रत्यक्ष दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक धोका दुसऱ्या गोष्टीत असतो.
- प्रवासी विमानातील टक्करविरोधी यंत्रणेला फक्त ट्रान्सपॉन्डर चालू असलेले विमानच दिसते.
- त्यामुळे नजर, रेडिओ, यंत्रणा आणि आकाशाची आखणी या चारही गोष्टी एकत्र लागतात.

ग्लायडर म्हणजे नेमके काय?

ग्लायडर हे खरेखुरे विमान असते. त्याला पंख, शेपूट, सुकाणू आणि वैमानिक असतो. नसते ते फक्त इंजिन. जमिनीवरून वर जाण्यासाठी त्याला दुसऱ्याची मदत लागते. एक पद्धत विंचची: मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेले यंत्र लांब दोर वेगाने गुंडाळते आणि पतंगासारखा ग्लायडर वर चढतो. काहीशे मीटर उंचीवर वैमानिक दोर सोडून देतो. दुसरी पद्धत म्हणजे इंजिनाचे विमान ग्लायडरला दोराने ओढत वर नेते.

दोर सुटल्यावर ग्लायडर सतत थोडा थोडा खाली येत असतो. पण तो फार सावकाश उतरतो. प्रशिक्षणासाठी वापरला जाणारा ‘सुपर ब्लानिक एल-२३’ हा दोन आसनी ग्लायडर स्थिर हवेत एक किलोमीटर उंची गमावताना सुमारे २८ किलोमीटर पुढे जातो. आधुनिक स्पर्धेचे ग्लायडर ४० ते ६० किलोमीटरही जातात. इंजिन बंद पडलेले साधारण चार आसनी विमान मात्र तेवढ्याच उंचीत नऊ-दहा किलोमीटरच जाऊ शकते.

वर टिकून राहण्यासाठी ग्लायडर घारीची युक्ती वापरतो. उन्हाने जमीन तापली की गरम हवेचे झोत वर चढतात. घारी पंख न हलवता याच झोतात गोल गोल फिरत उंची मिळवतात. ग्लायडरही तेच करतो. डोंगरावर आदळून वर चढणारा वाराही त्याच्या कामी येतो.

सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ग्लायडरच्या वैमानिकाकडे ‘थोडे इंजिन वाढवून वर निघून जाऊ’ हा पर्याय नसतो. तो वळू शकतो, खाली जाऊ शकतो, पण हवे तेव्हा वर जाऊ शकत नाही. उतरताना धावपट्टीवर काही अडथळा दिसला, तर पुन्हा एक चक्कर मारून येण्याची सोयही त्याच्याकडे नसते.

महाराष्ट्रात ग्लायडर कुठे उडतात?

राज्यातील सर्वांत ओळखीचे ठिकाण म्हणजे पुण्यातील हडपसरचे ग्लायडिंग सेंटर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीसीएच्या अखत्यारीतील हे केंद्र. पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांनी इथे विंचच्या दोराने वर चढणारे ग्लायडर पाहिले आहेत. भारतात ग्लायडरची रचना आणि बांधणीही झाली आहे. १९६१ मध्ये उडालेला ‘रोहिणी’ आणि पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेला ‘आर्द्रा’ ही त्याची उदाहरणे. नक्षत्रांची नावे मिळालेले हे दोन्ही ग्लायडर शिकवण्यासाठी होते.

हडपसरपासून सरळ रेषेत दहाएक किलोमीटरवर लोहगावचा विमानतळ आहे. तो हवाई दलाचा तळ आहे. तिथून सुखोई लढाऊ विमाने उडतात आणि पुण्याची सगळी प्रवासी विमानेही तिथूनच ये-जा करतात. म्हणजे इंजिन नसलेले विमान, लढाऊ विमान आणि दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांचे जेट ही तिन्ही एकाच शहराच्या आकाशातली. सामायिक हवाई क्षेत्राचे याहून जवळचे उदाहरण महाराष्ट्रात शोधावे लागणार नाही.

मग रेवस-मांडवा किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर असे केंद्र का नाही? एक कारण हवामानाचे आहे. दुपारी समुद्रावरून येणारा थंड वारा किनाऱ्याची हवा स्थिर करतो. त्यामुळे गरम हवेचे झोत क्षीण होतात. घाटावरच्या कोरड्या, तापलेल्या जमिनीवर फेब्रुवारी ते मे या काळात ते जोरदार असतात. दुसरे कारण गर्दीचे आहे. रेवसपासून सरळ रेषेत मुंबई विमानतळ तीसेक किलोमीटरवर आणि नवी मुंबई विमानतळ वीसेक किलोमीटरवर आहे. शिवाय जुहूहून समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे हेलिकॉप्टर जातात आणि करंजाला नौदलाचा तळ आहे.

‘इंजिनवाल्याने वाट द्यायची’ हा नियम आला कुठून?

समुद्रातून. शिडाचे गलबत वाऱ्याच्या मर्जीवर चालते. त्याला पाहिजे तेव्हा थांबता येत नाही आणि वाऱ्याच्या थेट विरुद्ध जाताही येत नाही. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या आगबोटी आल्या, तेव्हा प्रश्न उभा राहिला की दोघांपैकी कोणी बाजूला व्हायचे. ज्याच्या हातात हालचालीचे जास्त स्वातंत्र्य आहे त्याने, असे उत्तर ठरले. ब्रिटन आणि फ्रान्सने १८६३ मध्ये लागू केलेल्या नियमांत आगबोटीने शिडाच्या जहाजाला वाट द्यावी असे स्पष्ट लिहिले गेले. आज जगभर लागू असलेल्या १९७२ च्या समुद्री टक्करविरोधी नियमावलीतही हे तत्त्व कायम आहे. यांत्रिक बोटीने शिडाच्या होडीला, तसेच जाळे टाकल्यामुळे सहज वळू न शकणाऱ्या मासेमारी बोटीला वाट द्यायची असते.

विमाने आली तेव्हा हाच विचार आकाशात गेला. १९१९ च्या पॅरिस करारात विमानाने फुग्याला आणि हवाई जहाजाला वाट द्यावी असे ठरले. पुढे १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणजे आयकाओ उभी राहिली. तिच्या दुसऱ्या परिशिष्टात ‘हवेतले नियम’ आहेत. भारतात ते विमान नियम, १९३७ आणि डीजीसीएच्या आदेशांमधून लागू झाले. मूळ १९३४ च्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आहे.

नियम काय सांगतात?

- समोरासमोर आल्यास: दोघांनीही उजवीकडे वळायचे. समुद्रात दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्या तरी हेच करतात.
- वाटा एकमेकींना छेदत असतील तर: सारख्या प्रकारच्या दोन विमानांत ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यायची.
- प्रकार वेगळे असतील तर: इंजिनाच्या विमानाने हवाई जहाज, ग्लायडर आणि फुगा या सर्वांना वाट द्यायची. हवाई जहाजाने ग्लायडरला आणि फुग्याला. ग्लायडरने फुग्याला. फुग्याला दिशाच देता येत नाही, म्हणून तो सर्वांत वरचा.
- ओढणारे विमान: दुसरे विमान किंवा वस्तू दोराने ओढणाऱ्या विमानाला इतर इंजिनाच्या विमानांनी वाट द्यायची.
- मागून पुढे जाताना: पुढे जाणाऱ्याची जबाबदारी. उजवीकडून अंतर ठेवून जायचे.
- उतरताना: खाली असलेल्या विमानाचा हक्क पहिला. पण इंजिनाच्या विमानाने उतरणाऱ्या ग्लायडरला वाट द्यायची.

ग्लायडरवाल्यांचे आपसातलेही शिस्तीचे संकेत आहेत. गरम हवेच्या झोतात आधी शिरलेला ग्लायडर ज्या दिशेने गोल फिरतो, त्याच दिशेने नंतर येणाऱ्या सर्वांनी फिरायचे.

या सगळ्यात एक कलम विसरता येत नाही. वाटेचा हक्क असला तरी टक्कर टाळण्याची जबाबदारी कोणाचीही संपत नाही. ‘नियम माझ्या बाजूने होता’ हे वाक्य टक्करीनंतर उपयोगाचे नसते.

समुद्रातही हक्काला मर्यादा आहेत. अरुंद मार्गातून जाणारे मोठे जहाज बाजूला होऊ शकत नसेल, तर शिडाच्या किंवा लहान बोटीने त्याच्या वाटेत अडथळा आणायचा नसतो. आकाशातला त्याचा जोडीदार म्हणजे नियंत्रित हवाई क्षेत्र. तिथे ग्लायडरला परवानगीशिवाय शिरताच येत नाही.

मग टक्कर का होते? डोळ्यांचा हिशेब

नियंत्रणाबाहेरच्या आकाशात सुरक्षेचा पाया ‘पाहा आणि टाळा’ हा असतो. ऐकायला सोपे वाटते. आकडे मांडले की अवघडपणा कळतो.

जगात बहुतेक ठिकाणी दहा हजार फुटांखाली विमानांचा वेग २५० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरपर्यंत मर्यादित असतो. हे झाले सेकंदाला जवळजवळ १२९ मीटर. समोरून येणारा ग्लायडर ताशी १०० किलोमीटरने उडत असेल तर तो सेकंदाला २८ मीटर कापतो. दोघांमधले अंतर सेकंदाला सुमारे १५७ मीटरने कमी होते.

समोरची वस्तू दिसणे, ती विमान आहे हे ओळखणे, टक्कर होणार हे समजणे, काय करायचे ते ठरवणे, हात हलवणे आणि मग विमानाने प्रत्यक्ष वळणे या सगळ्याला मिळून साधारण साडेबारा सेकंद लागतात, असा अंदाज अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी दिलेला आहे. साडेबारा सेकंदांत वरची जोडी दोन किलोमीटरने जवळ आलेली असते. म्हणजे ग्लायडर किमान दोन किलोमीटरवर दिसलाच पाहिजे.

समोरून पाहिले तर ग्लायडरचे धड जेमतेम सव्वा मीटर उंच असते. दोन किलोमीटरवरून ते किती दिसेल? दहा मीटरवर ठेवलेल्या तुरीच्या दाण्याएवढे. पंख पंधरा-सोळा मीटर लांब असले तरी समोरून फक्त त्यांची जाडी दिसते. ती एका विताच्या आसपास असते आणि एवढ्या अंतरावरून ती साध्या डोळ्याला दिसत नाही. त्यात फायबरचे ग्लायडर जवळजवळ नेहमी पांढरे असतात. उन्हात तापून त्यातली राळ मऊ पडू नये म्हणून हा रंग लागतो. पांढऱ्या ढगापुढे पांढरा दाणा शोधणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येते.

दुसरी अडचण आणखी फसवी आहे. टक्करीच्या मार्गावर असलेले विमान काचेत जागचे हलत नाही. आपला डोळा हलणाऱ्या वस्तूकडे लगेच जातो, स्थिर ठिपक्याकडे नाही. जे विमान काचेवरून सरकताना दिसते ते बहुधा बाजूने निघून जाते. जे एकाच जागी राहून मोठे होत जाते, तेच अंगावर येते आणि ते मोठे होते तेही अगदी शेवटच्या काही सेकंदांत. हीच खूण समुद्रातही वापरतात. दुसऱ्या बोटीची दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र कमी होते आहे असे दिसले, की टक्कर ठरलेली.

म्हणून वैमानिकांना एकटक न पाहता आकाशाचे लहान तुकडे करून, प्रत्येक तुकड्यावर क्षणभर थांबत नजर फिरवायला शिकवतात.

ढगापासून दूर राहण्याचा नियम का?

डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांसाठी हवामानाची किमान अट असते. दहा हजार फुटांखालच्या नियंत्रित क्षेत्रात समोर पाच किलोमीटरपर्यंत दिसले पाहिजे आणि ढगापासून आडवे दीड किलोमीटर व उभे ३०० मीटर अंतर ठेवले पाहिजे.

हा दीड किलोमीटर उगाच नाही. ढगातून यंत्रांच्या आधारे उडणारे जेट अचानक बाहेर येऊ शकते. २५० नॉट वेगाने दीड किलोमीटर कापायला त्याला सुमारे बारा सेकंद लागतात. म्हणजे वैमानिकाला सावध होऊन वळायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच. ग्लायडरला मात्र मोह असतो, कारण वर चढणारी सगळ्यात चांगली हवा कापसासारख्या ढगाच्या बुडाशीच असते. मोह आणि धोका एकाच जागी असल्यामुळे या अंतराबाबत ग्लायडर वैमानिकांना फार काटेकोरपणे शिकवले जाते.

नेवाडात काय घडले?

२८ ऑगस्ट २००६. अमेरिकेतील नेवाडा राज्यात रिनोकडे उतरत जाणारे ‘हॉकर ८००’ जातीचे छोटे जेट आणि एक ग्लायडर सुमारे सोळा हजार फुटांवर एकमेकांवर आदळले. जेटमध्ये पाच जण होते. जेटचे नाक फाटले, वैमानिकापुढची यंत्रे उखडली आणि एक इंजिन बंद पडले. तरी वैमानिकांनी ते कार्सन सिटीच्या धावपट्टीवर चाके न उघडता पोटावर उतरवले. ग्लायडरचा पंख तुटला आणि त्याच्या वैमानिकाने पॅराशूटने उडी मारली. आश्चर्य म्हणजे कोणाचाही जीव गेला नाही.

चौकशीत पुढे आलेली गोष्ट साऱ्या ग्लायडर जगाला विचार करायला लावणारी होती. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर बसवलेला होता, पण बॅटरी वाचवण्यासाठी तो बंद ठेवला होता. अमेरिकेच्या नियमांत ग्लायडरला ट्रान्सपॉन्डरच्या सक्तीतून सूट होती, त्यामुळे यात नियमभंगही नव्हता. नियमानुसार वाट देण्याची जबाबदारी जेटची होती. पण जेटच्या यंत्रणेला ग्लायडर दिसतच नव्हता आणि वैमानिकांना तो दिसला तेव्हा वेळ उरली नव्हती.

टक्करविरोधी यंत्रणा काय करते आणि काय करत नाही?

भारताने याची फार मोठी किंमत मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी इथे सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ ही विमाने हवेत आदळली आणि दोन्हींतले मिळून सर्व ३४९ जण मरण पावले. सौदी विमानाला १४ हजार फूट आणि कझाक विमानाला १५ हजार फूट उंची दिली होती. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. दिल्लीला येणारी आणि तिथून जाणारी विमाने तेव्हा एकाच हवाई मार्गाने जात-येत होती. या अपघातानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, रडार सुधारले आणि भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली.

ही यंत्रणा आसपासच्या विमानांतील ट्रान्सपॉन्डरला रेडिओने ‘तू कुठे, किती उंचीवर’ असे विचारते आणि उत्तरावरून धोका ओळखते. आधी सावधगिरीची सूचना येते आणि टक्करीला साधारण १५ ते ३५ सेकंद उरले असताना ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असा थेट आदेश येतो. हा आदेश नियंत्रकाच्या सूचनेच्या विरुद्ध असला तरी यंत्रणेचेच ऐकायचे, हा धडा १ जुलै २००२ च्या जर्मनीतील युबरलिंगेन दुर्घटनेने दिला. तिथे एका वैमानिकाने यंत्रणेऐवजी नियंत्रकाचे ऐकले आणि ७१ जण गेले.

पण प्रश्नाला उत्तर देणारा ट्रान्सपॉन्डरच नसेल, तर यंत्रणेच्या दृष्टीने आकाश रिकामे असते.

मग प्रत्येक ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर का नाही?

मुख्य अडचण विजेची आहे. इंजिन नाही म्हणजे वीज तयार करणारे जनित्रही नाही. एका लहान बॅटरीवर रेडिओ आणि उंची-वेगाची उपकरणे पाच-सहा तास चालवायची असतात. जुन्या पद्धतीचे ट्रान्सपॉन्डर बरीच वीज खात. आता कमी विजेवर चालणारी उपकरणे आणि चांगल्या बॅटऱ्या आल्या आहेत, पण खर्च आणि वजन हे मुद्दे उरतातच.

ग्लायडर वैमानिकांनी स्वतःसाठी वेगळा उपायही काढला. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘फ्लार्म’ नावाचे छोटे उपकरण तयार झाले. ते उपग्रहांवरून स्वतःची जागा ओळखते, पुढच्या काही सेकंदांतला आपला मार्ग मोजते आणि तो रेडिओने जवळच्या फ्लार्मना कळवते. दोन मार्ग जुळत असतील तर शिट्टी वाजते आणि दिशा दाखवणारा दिवा लागतो. गोल गोल फिरणाऱ्या ग्लायडरांचा मार्ग नेहमीच्या यंत्रणांना नीट ओळखता येत नाही, फ्लार्म खास त्यासाठी बनवले आहे. युरोपात ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. मर्यादा एवढीच की मोठ्या प्रवासी विमानाची यंत्रणा फ्लार्मची भाषा जाणत नाही.

आकाशाची आखणी: सगळ्यांना सगळीकडे मोकळीक नाही

यंत्रे आणि डोळे यांच्या आधी एक उपाय असतो, तो म्हणजे जागा आणि वेळा वाटून देणे. हवाई क्षेत्राचे वर्ग केलेले असतात. काहींत नियंत्रकाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही, काहींत नियंत्रक फक्त माहिती देतो. भारतात केवळ डोळ्यांच्या भरवशावरचे उड्डाण १५ हजार फुटांच्या वर करता येत नाही आणि सूर्यास्तानंतरही सर्वसाधारणपणे करता येत नाही.

हडपसरसारख्या ठिकाणी ग्लायडर चालवायचे तर हाच उपाय सगळ्यात कामाचा. किती उंचीपर्यंत, कोणत्या हद्दीत आणि कोणत्या वेळेत उडायचे हे आधी ठरलेले असते आणि जवळच्या विमानतळाच्या नियंत्रकाशी समन्वय लागतो. विंचचा दोर हवेत काहीशे मीटर ताणलेला असतो आणि तो दुरून अजिबात दिसत नाही. त्यामुळे इतर विमानांनी अशा मैदानावरून खालून जाणे जिवावरचे असते. ग्लायडिंगची मैदाने नकाशांवर दाखवण्यामागे हेच कारण आहे.

रेवसच्या पाण्याने दिलेले धडे

रेवसकरांना या चर्चेतल्या दोन गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत.

पहिली १७ जुलै १९४७ ची. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती टक्कर नव्हती. पण बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती आणि सकाळच्या दुर्घटनेची खबर मुंबईला कळायला कित्येक तास गेले. जवळपासच्या मच्छीमारांनी आपल्या होड्यांत जमेल तितक्यांना ओढून घेतले. संकटातले वाहन इतरांना दिसत किंवा ऐकू येत नसेल तर मदत किती उशिरा पोहोचते, हे या किनाऱ्याने पाहिले आहे.

दुसरी १८ डिसेंबर २०२४ ची. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर करंजाजवळ नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनाची चाचणी सुरू असताना बोटीवरचे नियंत्रण सुटल्याचे नौदलाने सांगितले. १५ जणांचा जीव गेला. वाट कोणाची होती हा प्रश्न इथे गौणच ठरतो. भरलेली संथ बोट आणि भरधाव बोट एकाच पाण्यात असतील तर वेगवान बोटीकडून झालेली चूक दुरुस्त करायला संथ बोटीकडे वेळच नसतो. म्हणून चाचण्या, कसरती आणि प्रवासी वाहतूक यांच्या जागा वेगळ्या असाव्यात, हाच धडा आकाशालाही लागू पडतो.

हे सगळे आता महत्त्वाचे का?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने सुरू झाली. मुंबईच्या जोडीला दुसरा मोठा विमानतळ आल्याने उरण-रेवस-अलिबाग पट्ट्यावरच्या आकाशाची गर्दी वाढत जाणार आहे. दुसरीकडे किनाऱ्यावर पर्यटन वाढते आहे आणि त्याबरोबर पॅरामोटर, पॅरासेलिंग आणि सगळ्यात जास्त म्हणजे ड्रोन.

ड्रोन हा आजचा सर्वांत लहान, सर्वांत कमी दिसणारा आणि बहुधा ट्रान्सपॉन्डर नसलेला सहप्रवासी आहे. पण वाटेच्या हक्काच्या उतरंडीत त्याची जागा ग्लायडरसारखी नाही. ड्रोनने माणसे असलेल्या प्रत्येक विमानापासून दूर राहायचे असते.

सामान्य माणसाने काय लक्षात ठेवावे?

- ड्रोन उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहावा. ड्रोन नियम, २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांपर्यंतच आहे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.
- नौदलाचा तळ, बंदर किंवा संरक्षण आस्थापना जवळ असेल तर ‘थोडेसेच उडवतो’ हा विचार सोडावा.
- मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर, हलकी विमाने आणि गरम हवेचे फुगे यांवर बंदीचे आदेश काढतात. फिरायला जाण्यापूर्वी चालू आदेश पाहावा.
- पॅराग्लायडिंग किंवा ग्लायडरची सफर घेताना नोंदणी, प्रशिक्षकाचा परवाना आणि रेडिओ आहे का, हे विचारायला संकोच करू नये. त्या दिवशी उड्डाणाची परवानगी आहे का, हेही विचारावे.
- हेलिकॉप्टर किंवा विमान खालून येताना दिसले की ड्रोन लगेच खाली उतरवावा. चित्रीकरण चालू ठेवू नये.

ग्लायडरला वाट देण्याचा नियम दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या शिडाच्या गलबतांपासून चालत आला आहे आणि त्यामागचे तत्त्व अजूनही बरोबर आहे: ज्याला वळता येते त्याने वळावे. मात्र वळण्यासाठी आधी समोरचा दिसावा लागतो. म्हणून ट्रान्सपॉन्डर चालू ठेवणे, रेडिओवर बोलणे, ढगापासून अंतर राखणे आणि आखून दिलेल्या हद्दीत राहणे ही कामे ज्याला वाट मिळायची आहे त्यानेही करायची असतात.